वाक्य संपण्याआधी

सुनेशी विस्तवही जात नाही, पण सुनेची भाषा मात्र अस्खलित येते, असा योग फार थोड्या सासवांच्या कुंडलीत असतो. हेमांगी टिपणीस यांच्या कुंडलीत तो होता. सव्वीस वर्षं त्यांनी चेक आणि इंग्रजी या दोन भाषांमध्ये दुभाषीपणा केला होता. काचेच्या खोक्यात बसायचं, हेडफोनमधून एक भाषा ऐकायची आणि त्याच क्षणी तोंडाने दुसरी बोलायची, हा त्यांचा धंदा. आता, २०४३च्या ऑक्टोबरात, त्या पुण्यातल्या आंतरदेशीय ताबा लवादासमोर बसल्या होत्या त्या अर्जदार म्हणून. दुभाष्याच्या जागी टेबलावर हातभर लांबीचं एक करडं यंत्र ठेवलेलं होतं.

अर्ज एकाच गोष्टीसाठी होता. त्यांना त्यांची नात हवी होती.

हेमांगीबाईंचा एकुलता एक मुलगा निशाद ब्रनो शहरात राहायचा. गेल्या नोव्हेंबरात बर्फावरून सायकल घसरून तो गेला. मागे राहिली बायको लुद्मिला, जी ट्रामच्या सिग्नलची इंजिनियर होती, आणि साडेपाच वर्षांची अनेज्का. हेमांगीबाई तिला अनू म्हणत. फेब्रुवारीत लुद्मिला झोप उडून, अन्न तुटून इस्पितळात पडली, तेव्हा हेमांगीबाई तिकडे गेल्या. एका महिन्याच्या संमतीच्या कागदावर लुद्मिलाची सही घेतली आणि अनूला पुण्याला घेऊन आल्या. महिना संपला तेव्हा त्यांनी मूल परत पाठवलं नाही, अर्ज पाठवला. अनूला इथे येऊन आता आठ महिने झाले होते. अनूचे समोरचे दोन दात पडले होते आणि ती शेजारच्या मुलींशी मराठीत भांडायलाही लागली होती.

अर्जातलं एक वाक्य सगळ्या अर्जाचा कणा होतं. जानेवारीत लुद्मिलाने स्वतः फोनवर सांगितलं होतं की ती मुलीला घेऊन पुलावर उभी राहिली आणि तिला पाण्यात उडी टाकायची होती. हेमांगीबाईंनी ते शपथेवर लिहून दिलं होतं. त्यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती. शंका असती तर त्यांनी लिहिलं नसतं. तेवढ्या त्या करारी होत्या, आणि तेवढ्याच हट्टी.

आता त्या करड्या यंत्राविषयी सांगायला हवं. त्याचं कागदोपत्री नाव अग्रवाणी. जुने दुभाषी मात्र त्याला घाईबाई म्हणत, आणि ते नाव कंपनीने ठेवलेल्या नावापेक्षा खरं होतं.

इंग्रजी वाक्य म्हणजे रांग आहे. रांगेत कोण कुठे उभं आहे, यावरून कोणी काय केलं ते ठरतं. मांजर पुढे आणि उंदीर मागे असेल तर मांजर उंदराला खातं. जागा बदलल्या की उंदीर मांजराला खातो, आणि इंग्रजीला त्याचं काही वाटत नाही. चेक भाषेत प्रत्येक शब्द छातीवर आपला बिल्ला लावून फिरतो, आपल्या मराठीसारखाच. मांजराने उंदीर खाल्ला म्हणा, नाहीतर उंदीर खाल्ला मांजराने म्हणा, मेला तो उंदीरच. त्यामुळे चेक माणूस शब्दांची जागा वेगळ्या कामासाठी वापरतो. जे ऐकणाऱ्याला ठाऊक आहे ते तो आधी सांगतो आणि बातमी शेपटीला ठेवतो. 'टेबलावर काल आजोबांनी ठेवलं' एवढं बोलून तो श्वास घेतो, आणि मग सांगतो की पिस्तूल ठेवलं, का दाताची कवळी.

दुभाष्याची इथेच पंचाईत होते. इंग्रजीला ठेवलेली वस्तू आधी हवी, टेबल नंतर. मग एक तर शेपटी येईपर्यंत गप्प बसा, नाहीतर अंदाजाने उडी मारा. कसलेले दुभाषी दहातल्या नऊ वेळा बरोबर उडी मारत. हेमांगीबाई त्यात अव्वल होत्या. त्यांचं वाक्य वक्त्याच्या आधी संपतं, असं लोक कौतुकाने म्हणायचे, आणि त्यांनाही ते आवडायचं.

घाईबाईने याच उडीचं यंत्र केलं. बोलणाऱ्याच्या गळ्यात एक मऊ पट्टा असे. पुढचा शब्द उच्चारण्याआधी घशाचे स्नायू किंचित तयारी करतात, ती तयारी हा पट्टा टिपायचा. जोडीला हजारो तासांची जुनी भाषांतरं यंत्राला ऐकवलेली होती. चेकच्या बाबतीत त्यांतली निम्मी एकट्या हेमांगीबाईंची होती, कारण निवृत्त होताना त्यांनीच ती कंपनीला आनंदाने देऊन टाकली होती. यंत्र शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा बरोबर असे. उरलेल्या दोन वेळा ते चूक मान्य करी, पण ती नोंदीच्या पडद्यावर, फिकट करड्या अक्षरांत. करडी अक्षरं कोणी वाचत नसे. आणि यंत्राने जगाला एक वाईट खोड लावली होती. भाषांतर संपलं की माणसं हेडफोन काढून ठेवत. समोरचा अजून बोलत असला तरी.

लवादाच्या अध्यक्ष पाठारेबाई निवृत्त न्यायाधीश होत्या. सत्तरीच्या, शांत, नको तितक्या सभ्य. कामकाज इंग्रजीत चालायचं आणि साक्षीदाराने मात्र आपल्या मातृभाषेतच बोलायचं, असा नियम होता. लुद्मिला समोरच्या खुर्चीत बसली. आठ महिन्यांत ती निम्मी झाली होती. हेमांगीबाईंना तिची दया आली नाही. हिच्यामुळे आपला मुलगा त्या बर्फात राहिला आणि बर्फातच गेला, एवढंच त्यांच्या मनात आलं. कानामागून आली आणि तिखट झाली, अशी ही बया.

लुद्मिलानेही त्यांच्याकडे पाहिलं. ते पाहणं शिवीसारखं होतं.

पाठारेबाईंनी पुलाबद्दल विचारलं. लुद्मिलाने पट्टा घशावर नीट केला आणि बोलायला सुरुवात केली. हेमांगीबाईंनी हेडफोनची एकच बाजू कानाला लावली होती, धंद्यातल्या सवयीप्रमाणे. एका कानात लुद्मिलाचं चेक, दुसऱ्यात यंत्राचं इंग्रजी.

"पुलावर आम्ही त्या दिवशी, अनेज्का आणि मी, खूप वेळ उभ्या होतो," लुद्मिला म्हणत होती, "आणि पाण्यात मी फेकणार होते..."

तिचा आवाज अडला. यंत्र अडलं नाही. शांत, स्वच्छ इंग्रजीत त्याने सांगून टाकलं की मला मुलीसकट स्वतःला पाण्यात झोकून द्यायचं होतं.

पाठारेबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी हात वर केला, बस्स, आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवले. एका दुःखी आईला याहून जास्त उकरू नये, एवढा त्यांचा भला विचार होता. लुद्मिलाला वाटलं की हात धीर देण्यासाठी वर झालाय. तिने श्वास घेतला आणि वाक्य पुरं केलं.

"...त्याचा फोन." आणि मग, जवळजवळ स्वतःशीच: "त्याची आई रोज त्यावर फोन करायची. अनेज्का दरवेळी म्हणायची, बाबा आहे, उचल ना."

खोलीत ते एकाच माणसाने ऐकलं.

काचेच्या खोक्यात दुभाषी जोडीने बसतात. अर्धा तास एकाने बोलायचं, अर्धा तास दुसऱ्याने. पण विश्रांती घेणाऱ्याने झोपायचं नसतं. बोलणाऱ्याची चूक झाली तर त्याने ती चिठ्ठीवर लिहून मुकाट्याने सरकवायची, आणि बोलणाऱ्याने ती उघड दुरुस्त करायची, असा रिवाज. त्याला वादावादी नाही, लाज नाही. हेमांगीबाईंनी सव्वीस वर्षांत अशा शेकडो चिठ्ठ्या सरकवल्या होत्या. त्यामुळे डोकं विचार करायला लागण्याआधीच त्यांच्या हाताने समोरच्या वहीचा कोपरा फाडला, त्यावर 'फोन' असं लिहिलं आणि उजवीकडे सरकवलं.

उजवीकडे त्यांचे वकील होनप बसले होते. त्यांनी चिठ्ठी वाचली, आपला फोन बंद असल्याची खात्री केली आणि चिठ्ठीवर पाण्याचा पेला ठेवला.

पाठारेबाईंनी निकाल जेवणाच्या सुट्टीनंतर देऊ असं सांगितलं.

सुट्टीत होनप हवेत तरंगत होते. पन्नास मिनिटांची उलटतपासणी त्यांनी तयार करून आणली होती आणि तिची गरजच पडली नव्हती. "बाई, तिने आपल्याच तोंडाने कबूल केलं. आता ब्रह्मदेव आला तरी मूल तिकडे जात नाही," ते म्हणाले, आणि डबा उघडला. हेमांगीबाईंनी मान हलवली. त्या काही बोलल्या नाहीत, आणि न बोलणं किती सोपं असतं याचं त्यांना नवल वाटलं.

काय बिघडलं? त्यांनी खोटं सांगितलेलं नव्हतं. चूक यंत्राची, समज पाठारेबाईंची. पुलावर तासभर उभं राहणारी बाई धड असते का? आज फोन, उद्या आणखी काही. अनूला इथली शाळा आहे, आजी आहे, वरणभाताची सवय लागली आहे. आणि ती बया, जिने अंत्यविधीच्या वेळी सासूला शब्दानेही विचारलं नाही की तुमच्याकडे काय पद्धत असते, तिच्या हातात ही पोर परत द्यायची? हेमांगीबाईंना तिचा मनापासून द्वेष वाटत होता. त्यांनी तो कधी लपवलाही नव्हता.

फक्त ती करडी ओळ कोणाच्या नजरेला पडेल का, एवढं बघायला त्या यंत्र सांभाळणाऱ्या नसीमा मुजावरकडे गेल्या. नसीमा भली होती. तिने पडदा वळवून दाखवला. करड्या अक्षरांत सगळं होतं. फोन होता, आई होती, अनेज्का होती.

"हे कोण वाचतं?" हेमांगीबाईंनी विचारलं.

कोणी लेखी मागितलं तरच, नसीमा म्हणाली. तिच्या तीन वर्षांत कोणी मागितलेलं नव्हतं. मग हेमांगीबाईंनी, निव्वळ धंद्यातल्या कुतूहलाने, विचारलं की यंत्राने इतकी भलती उडी का मारली. बाई रडू आवरत होती, घसा आवळलेला होता, पट्ट्याला काही कळणं शक्य नव्हतं, नसीमाने सांगितलं. असं झालं की यंत्र दोनच गोष्टींवर विसंबतं, जुनी भाषांतरं आणि खटल्याची कागदपत्रं. नावंगावं चुकू नयेत म्हणून कागदपत्रं त्याला आधी वाचायला दिलेली असतात.

"तुमच्या अर्जात पूल आहे, पाणी आहे, मूल आहे," नसीमा म्हणाली. "त्यानं तुमचंच वाक्य उचललं, मॅडम. आणि उडी मारायची तऱ्हासुद्धा तुमचीच. कंपनीचे लोक म्हणतात, चेकमध्ये ही टिपणीसबाईंसारखी बोलते."

तिने हे कौतुकाने सांगितलं होतं.

हेमांगीबाई व्हरांड्यात येऊन उभ्या राहिल्या. जानेवारीतला तो फोन त्यांना आठवला. म्हणजे आठवत होताच, पण आता त्यांनी तो पहिल्यांदा ऐकला. लुद्मिला हुंदके देत बोलत होती. पुलावर काल आम्ही उभ्या होतो. पाण्यात मला... आणि हेमांगीबाईंनी पुण्याहून ओरडून तिला गप्प केलं होतं. पुढचं ऐकवणार नाही, असं म्हणून फोन बंद केला होता आणि विमानाचं तिकीट काढलं होतं. शेपटी त्यांनी ऐकलीच नव्हती. स्वतःच लावली होती. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणाऱ्यांना आयुष्यभर हसलेली बाई अर्ध्या वाक्याने पिवळी झाली होती, आणि त्या अर्ध्या वाक्यावर तिने शपथ घेतली होती.

आणि तो फोन. निशाद गेल्यापासून रोज संध्याकाळी सव्वासातला त्या त्याच्या नंबरवर फोन लावत. कोणी उचलत नसे. मग त्याचा रेकॉर्ड केलेला आवाज येई, आत्ता मला बोलता येत नाही. तेवढा ऐकून त्या फोन ठेवत. हे त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं. तो फोन तिकडे कोणाच्या तरी जवळ वाजत असेल, हा विचारच त्यांना शिवला नव्हता. इथे सव्वासात, म्हणजे तिथे हिवाळ्यात दुपारचे पावणेतीन. बालवाडी सुटायची वेळ.

लुद्मिला व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला कागदी पेल्यातला चहा घेऊन उभी होती. आपलं बोलणं इंग्रजीत काय होऊन पोचलंय, हे तिच्या गावीही नव्हतं. हेमांगीबाई तिच्याजवळ गेल्या आणि चेकमध्ये, कुठलीही प्रस्तावना न करता, त्यांनी विचारलं की तो फोन तिने जवळ का बाळगला होता.

बँकेचे सगळे कोड त्यावर यायचे, लुद्मिला म्हणाली. ती अहोजाहो करूनच बोलत होती. चेकमध्येही तशी सोय आहे, आणि अपमान करायला ती फार उपयोगी पडते.

"नंतर बंद का नाही केलास?"

"अनेज्काला वाटायचं, तिचा बाबा त्यात राहतो," लुद्मिला म्हणाली. "तुमच्यासारखंच. जानेवारीत मी तुम्हाला तेवढंच सांगायला फोन केला होता, की कृपा करून थांबा. तुम्ही मला वाक्य संपवू दिलं नाहीत. मग आलात आणि माझी मुलगी नेलीत. फोन अजून रोज वाजतो. आता घरात तो मी एकटी ऐकते."

लुद्मिलाला उत्तर नकोच होतं. तिने पेला चुरगाळला, टोपलीत टाकला आणि आत निघून गेली.

दोन वाजता सगळे जागेवर बसले. पाठारेबाईंनी चष्मा लावला आणि कागद उचलला. परिस्थिती दुःखद आहे, त्या म्हणाल्या, पण मुलीच्या जिवाला धोका असल्याचं खुद्द आईच्या निवेदनावरून... हेमांगीबाईंच्या समोर अजून तो पेला होता आणि पेल्याखाली चिठ्ठी. पाणी झिरपून शाई पसरली होती. सरकवलेली चिठ्ठी कोणीच वाचून दाखवली नाही, असं सव्वीस वर्षांत एकदाही झालेलं नव्हतं.

तरी त्या लगेच उठल्या नाहीत. हे सांगायलाच हवं. पाठारेबाई आणखी दोन वाक्यं वाचेपर्यंत त्या बसून होत्या, आणि त्या दोन वाक्यांत नात जवळजवळ त्यांची झाली होती. मग त्या उठल्या.

"दुभाषी आपली चूक दुरुस्त करते आहे," त्या इंग्रजीत म्हणाल्या. काचेच्या खोक्यात हेच शब्द वापरायचे असतात.

होनपांनी त्यांची ओढणी खाली खेचली. पाठारेबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "टिपणीसबाई, तुम्ही अर्जदार आहात. इथे तुम्हाला दुभाषी कोणी नेमलं?"

"यंत्राला मीच शिकवलंय, मॅडम. चूक माझी आहे." त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. दुभाष्याने साक्षीदाराचं बोलणं साक्षीदार होऊन बोलायचं असतं. 'ती म्हणते' असं म्हणायची मुभा नाही. मी म्हणायचं, दुसऱ्याच्या वतीने. कोर्टात उभ्या राहिलेल्या चोरासाठी आणि व्यासपीठावरच्या मंत्र्यासाठी त्यांनी ते बिनदिक्कत म्हटलं होतं. आता ते सुनेसाठी म्हणायचं होतं.

"मी अनेज्काला घेऊन पुलावर उभी होते," त्या म्हणाल्या. "मला माझ्या नवऱ्याचा फोन पाण्यात फेकायचा होता. त्याची आई रोज त्यावर फोन करायची. माझी मुलगी दरवेळी म्हणायची, बाबा आहे, उचल ना." मग त्यांनी नसीमाच्या पडद्याकडे बोट दाखवलं. "साक्षीदाराचं निवेदन इथे संपतं. करडी ओळ नोंदीत आहे. ती वाचावी, असा मी लेखी अर्ज देते."

लुद्मिलाच्या कानात हे सगळं चेकमध्ये पोचत होतं. आपण काय बोललो असं मानून निकाल चालला होता, ते तिला तेव्हा कळलं. ती यंत्राकडे पाहत राहिली, मग सासूकडे. तिच्या चेहऱ्यावर आभार नव्हते. भीती होती, आणि भीती ओसरल्यावर आणखी राग.

पाठारेबाईंनी नसीमाकडून नोंद मागवली आणि ती करडी ओळ स्वतः मोठ्याने वाचली. मग जुना कागद फाडून त्यांनी नवा घेतला. मूल आईकडे जाईल, उद्याच. बाहेर पडताना होनप म्हणाले की त्यांच्या तीस वर्षांच्या वकिलीत कोणी आपल्या पायावर एवढा मोठा धोंडा मारून घेतलेला त्यांनी पाहिला नाही. हेमांगीबाईंनी त्यांना पटकन घरी जाऊन जेवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लुद्मिला अनूला न्यायला आली. उंबऱ्याच्या आत तिने पाऊल टाकलं नाही. अनू आजीला बिलगली, रडली, मग आईला बिलगून जास्त रडली. बॅग लिफ्टमध्ये गेली, मूल लिफ्टमध्ये गेलं. लुद्मिला दार धरून मागे वळली.

"अनेज्का दर रविवारी तुम्हाला फोन करेल," ती म्हणाली. "आणि मी तुम्हाला काल जे केलंत त्यासाठी..."

तिने श्वास घेतला. सव्वीस वर्षांची सवय. हेमांगीबाईंच्या डोक्यात वाक्य पुरं झालंही होतं, आणि ते गोड होतं. पण त्या शेपटीची वाट पाहत उभ्या राहिल्या.

"...आणि त्याआधी जे केलंत त्यासाठी, कधीही माफ करणार नाही," लुद्मिला म्हणाली.

"ऐकलं," हेमांगीबाई चेकमध्ये म्हणाल्या. "पूर्ण ऐकलं."

लिफ्ट खाली गेली. त्या दिवशी सव्वासात वाजले, सात वीस झाले, साडेसात झाले. विमानतळावरच्या कुठल्यातरी बाकावर, लुद्मिलाच्या पर्समध्ये, तो फोन वाजला नाही.